उरलेली अर्धी पेणला

जगूदादा मोकलांची मोटार बरीच वर्षं उजवीकडूनच पाहायची असे.

रोह्यात आमच्या शेजारच्या घरात, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ती उभी आहे. लांबी बरोबर दीड फूट. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवा, कापडी टप, हँडल मारून सुरू करायची तसलं जुनं विलायती प्रकरण. बघणारा कौतुकानं मान हलवत डावीकडे सरकायचा आणि थबकायचा. डावी बाजू नव्हतीच. रंधाही न मारलेला सागाचा ठोकळा, आणि दोन चाकांच्या जागी दोन काड्यापेट्या. पुढची जाळीसुद्धा मधोमध संपायची.

"अर्धीच का?" असं कुणी विचारलं की जगूदादा शांतपणे सांगायचे, "उरलेली अर्धी पेणला हाय."

पाहुणा बहुधा चहा संपवून लगेच उठायचा.

जगूदादांनी एसटीच्या गाड्यांचे पत्रे तीस वर्षं ठोकले. त्यात कान थोडे गेले, पण डोळा आणि हात शाबूत राहिले. निवृत्तीनंतर माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, यांनी मोटार बनवायला काढली. प्रमाण एकास आठ. एकदा ते ठरल्यावर सगळं जगच त्यांना आठानं भागलेलं दिसू लागलं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, बदली होऊन त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, तुमी पाच फूट आठ. माझ्या गाडीत साडेआठ इंच भरणार. टपाला डोकं लागंल."

बसायला त्यांनी त्यानंतर सांगितलं.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. "अंदाज म्हंजे थाप," असं त्यांचं मत. आमटीत मीठ अंदाजानं घातलंय, असं शेवंतीवहिनी एकदा बोलून गेल्या, तर दादांनी चमचा खाली ठेवला आणि "तरीच" एवढंच म्हणाले. मोटारीच्या जाळीसाठी त्यांनी वहिनींच्या तीन गाळण्या कापल्या. भोकं मोजली आणि तिन्ही बाद केल्या. चौथी गाळणी पास झाली, ती आमच्या घरातली होती. पुढचा आठवडाभर दोन्ही घरांत चहा फडक्यानं गाळला जात होता.

"माझ्या गाळण्या गेल्या मोटारीपायी, आन मोटार तरी पुरी हाय का?" वहिनी मला ऐकवायच्या. ऐकवायचं असायचं दादांना, पण त्यांचे कान अशा वेळी जास्तच जायचे.

ही मोटार खरी कुणाची, तर रोह्याच्या एका जुन्या डॉक्टरांची. दादांचे वडील तिचे ड्रायव्हर. तिचा एकच फोटो उरला आहे आणि तो उजवीकडून काढलेला. वडील गाडीशेजारी ताठ उभे आहेत, नवरदेवासारखे. डॉक्टरांना घरी सोडून गाडी छपरात लावायला नेताना वडील दोन्ही पोरांना बाहेरच्या पायरीवर उभं करायचे. उजव्या पायरीवर जगू, डाव्या पायरीवर धाकटा पांडुरंग.

"डावी बाजू पांडूची. मी कधी तिकडं गेलोच नाय," दादा सांगायचे.

एवढी वर्षं गाडी बापाच्या हातात आणि पोरगं एकदाही पलीकडे गेलं नाही, यावर माझा विश्वास बसत नव्हता. निदान डावी चाकं तरी उजव्यासारखी असतील, एवढं मी सुचवून पाहिलं.

"पुरावा?" दादा म्हणाले.

पुरावा पेणला होता आणि पुराव्याशी दादांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई शेवटी दादांकडेच होती. ती गेली त्या दिवशी पाऊस कोसळत होता, रस्ता पाण्याखाली, निरोप पेणला पोचला तोच उशिरा. पांडुरंग भिजत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. "माज्यासाठी दोन तास थांबवलं नाय तिला," एवढं बोलून तो उंबऱ्यावरूनच परत गेला. हे मला वहिनींनी सांगितलं. दादांनी कधी सांगितलं नाही. पण भाऊ पुन्हा या घरात येईल की नाही, याखेरीज त्या माणसाला दुसरी चिंता नव्हती, हे एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं.

पांडुरंगाचा पेणला गणपतींचा कारखाना. आमची मूर्ती त्या वर्षी मी मुद्दाम तिथे सांगायला निघालो. दादांना कुणकुण लागलीच. ते कुंपणाशी आले.

"पेणला चाललाव? सहज विचारा. डाव्या पायरीच्या कडेला पट्टी पितळेची होती का रबराची? माझं नाव काढू नका."

जसा काही हा प्रश्न रोह्यातल्या घराघरात चर्चेला होता.

कारखान्यात बिनरंगाचे गणपती ओळीनं बसले होते. पांडुरंग एका मूर्तीचे डोळे आखत होता. मी मूर्तीची उंची सांगितली, आसन सांगितलं, आणि मग शक्य तितक्या सहजपणे पट्टीचं विचारलं. त्याचा ब्रश थांबला.

"उजव्या पायरीवाल्यानं धाडलं का तुमाला?"

मी समोरच्या गणपतीकडे पाहिलं. त्यानं डोळा पुरा केला, ब्रश धुतला.

"पितळेची. आन सांगा त्याला, एका पट्टीत भागायचं नाय. डाव्या बाजूला लय काय काय होतं. मलाच तिकडं येऊन सांगायला लागंल."

मी निघालो तर तो रस्त्यापर्यंत मागे आला.

"मास्तर, खरं सांगू? मला पट्टी आठवत नाय, काय पण आठवत नाय. मी लहान, डोळे गच्च मिटून उभा असायचो. दादा पलीकडून वरडायचा, पांडू, धरलंस का? मी म्हणायचो, धरलंय. एवढंच ध्यानात हाय. त्याला बोलू नका."

मी बोललो नाही. "पितळेची, आणि तो येतो म्हणालाय," एवढाच निरोप दिला. दादांनी वहिनींना हाक मारली, "गो, ऐकलंस? पितळेची!" आणि परसात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

गणपतींचा हंगाम सरल्यावर पांडुरंग खरोखर आला. मग दर सोमवारी दुपारच्या गाडीनं येऊ लागला. दोघे कपाटापुढे बसत. दादा विचारत, पांडुरंग सांगे. डावीकडे कंदील अडकवायला आकडा होता. पाण्याचा डबा होता. हत्यारांची पेटी होती, तिला कडी होती. पांडुरंगाची कल्पनाशक्ती आठवड्यागणिक सुधारत होती. दादा सगळं लिहून घेत आणि पुढच्या सोमवारपर्यंत बनवून ठेवत. काड्यापेट्या गेल्या, चाकं आली. आईचा विषय माझ्यासमोर तरी एकदाही निघाला नाही.

एके दिवशी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि डब्याखालून एक घडी केलेला कागद काढला. त्याच गाडीच्या जुन्या माहितीपत्रकाची झेरॉक्स होती, कुणीतरी मुंबईहून आणून दिलेली. डावी बाजू नखशिखांत. शेजारी दादांच्या पेन्सिलीनं मापं, प्रत्येक माप आठानं भागलेलं. आकडा नाही, डबा नाही, पेटी नाही. पायरीची पट्टी रबराची.

"सहा वर्सं झाली कागद येऊन," वहिनी म्हणाल्या. "मला बोलले, ठेव कुठंतरी, मला दिसंल असा ठेवू नको."

मी कागद दोनदा वाचला. ज्या माणसानं जाळीच्या भोकांसाठी चार गाळण्या मोडल्या, तो दर सोमवारी जाणूनबुजून खोटं ऐकत होता आणि ते पितळेत घडवत होता. कागद घेऊन मी बाहेर आलो, तो दादांनी पाहिलाच. माझ्या हातातून काढून घेतला, चार घड्या करून खिशात घातला.

"मास्तर, तुमी भूगोल शिकवा," ते म्हणाले.

त्या सोमवारी मी तिथेच होतो. पांडुरंगानं चहा घेतला, कपाटाकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं, "एक राहिलंच रं दादा. माझ्या बाजूला भोंगा होता. रबरी फुग्याचा."

"केवढा?" दादांनी विचारलं.

पांडुरंगानं वीत पसरून दाखवली, "एवढा."

दादांनी मोजायची पट्टी आणली. धाकट्याचा रंगानं माखलेला हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टी लावली आणि चष्मा सावरत मापू लागले. मापून झालं तसं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मापायला घेतलं. पांडुरंग हात तसाच पसरून बसून राहिला.