माकडटोपीतले कर्णिक

अप्पा वैशंपायनांच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजत म्हणाले, "हळू बोला. कर्णिक आत्ताच जरा सावरलेत."

मी चपला काढल्या, त्याही आवाज न करता. आम्ही नुकतेच कलकत्त्याला, बेहालातल्या त्या घरात राहायला आलो होतो आणि मी शेजारी म्हणून कॅलेंडरच्या खिळ्यासाठी हातोडी मागायला गेलो होतो. आजारी माणसाच्या घरी हातोडी मागायची म्हणजे काय, मला अगदी शरमल्यासारखं झालं. पण आत पाहतो तर खाट रिकामी. टेबलावर एक कुंडी, कुंडीत वीतभर उंचीची वाळकी काटकी, आणि त्या काटकीवर तपकिरी लोकरीची माकडटोपी, पार मातीपर्यंत खाली ओढलेली. शेजारी अप्पा बोडक्या डोक्याने उभे राहून सटासट शिंकत होते.

"अहो, मग टोपी तुम्ही घाला ना," मी म्हणालो.

"आणि कर्णिकांना काय घालू?" अप्पांनी मलाच विचारलं. हातोडी न घेताच मी परत आलो.

कलकत्त्याची थंडी ती काय! आमच्या पुण्यात एवढ्या थंडीत माणसं फार तर पंखा बंद करतात. पण डिसेंबर उजाडला की त्या शहराला एकदम घशाची काळजी वाटायला लागते. ट्राममध्ये चढावं तर सगळा डबा मफलर गुंडाळून बसलेला, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच मंत्र, "ठांडा लेगे जाबे." थंडी लागेल! अप्पा त्याच शहरात जन्मले आणि वाढले. आजोबा नोकरीसाठी आले ते तिथलेच झाले. तेव्हा ते "ठांडा लेगे जाबे" म्हणणार हे ओघानंच आलं. फक्त ते काटक्यांना म्हणायचे.

अप्पा सियालदहजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. सगळी मुलं आणि शेजारीपाजारी त्यांना 'माश्टारमोशाई' म्हणत. आम्हा बाकीच्या मराठी लोकांच्या आडनावांशी झटापट करताना बंगाली माणसं घामाघूम व्हायची, पण 'वैशंपायन' त्यांना महाभारतामुळे लहानपणापासून पाठ. त्यामुळे गल्लीत अप्पांना ऋषींचा मान होता. आता ह्या भूगोलाच्या मास्तरांनी महाराष्ट्र मात्र फक्त नकाशात पाहिलेला! घाट, नद्या, पिकं, पाऊस, सगळं तोंडपाठ. पाऊल मात्र एकदाही ठेवलेलं नाही.

म्हणून त्यांनी तो घरातच वसवला होता. सियालदहच्या बाजारातून आणलेलं चहाचं रिकामं खोकं, त्यात तळाला चाळीसचा दिवा आणि वर जाळी, जाळीवर ओलसर गोणपाट. हे 'कोकण'. कपाटावरची छताजवळची कोरडी जागा हा 'विदर्भ'. खिडकीची फळी म्हणजे 'देश'. कोकणात रोपं उगवायची, भांडांमध्ये. भांड म्हणजे तिथल्या चहावाल्याचा मातीचा पेला, चहा पिऊन फेकून देतात तो. अप्पा आपला पेला तर खिशात घालून आणतच, पण एस्प्लनेडच्या ट्रामथांब्यावर दुसऱ्यांनी चहा कधी संपवतायत याची वाट बघत उभे राहत. त्यांच्या कोटाच्या खिशांचा चालताना खुळखुळ आवाज यायचा. मी एकदोनदा ट्रामचा पुढचा डबा सोडून मागच्या डब्यात चढलोय, खोटं कशाला सांगू?

प्रत्येक पेल्याला खाली खिळ्याने भोक, वर बी. पाणी चमच्याने, तेही मोजून. "पाणी म्हणजे प्रेम नव्हे, लिमये," ते मला बजावत. "निम्मी रोपं लोक प्रेमाने बुडवून मारतात." मला त्यांनी एक-एक करून तीन रोपं दिली. तिन्ही मी प्रेमाने मारली.

कुंड्यांतल्या काड्या कुठून येतात, याचा पत्ता मला प्रधान मंडळी कलकत्ता सोडून गेली तेव्हा लागला. आमचा तिथला मराठी गोतावळा सगळा बदलीवाला. कुणी बँकेत, कुणी सरकारी खात्यात. तीन वर्षं झाली की ट्रंका बांधायच्या. प्रधानांकडे सामान बांधायला आम्ही गेलो होतो. मिसेस प्रधान होल्डॉलवर बसून रडत होत्या, आणि अप्पा त्यांच्या गॅलरीत गुडघे टेकून, दाढीच्या ब्लेडने, अबोलीच्या फांद्या छाटत होते! तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, "येतो वहिनी" म्हणाले आणि चालू लागले.

"कमालच आहे बाई," घरी येताना सुमन, म्हणजे आमची ही, करवादली. "लोक निरोपाला डबा घेऊन येतात, हे ब्लेड घेऊन येतात."

दुसऱ्या दिवसापासून कोकणात 'प्रधान' दिसू लागल्या. ज्या घरातली काडी, त्या घराचं नाव. गवती चहा म्हणजे दाते, डाळिंब म्हणजे सहस्रबुद्धे, आणि ती टोपीतली अंजिराची काटकी म्हणजे आमच्या आधीच नागपूरला बदलून गेलेले कर्णिक; त्यांच्याशी आमची ओळख अप्पांमुळेच, पत्रांतून झाली. अप्पांच्या तोंडून आम्हाला रोजची खबर मिळायची. "दात्यांची कोकणातून देशावर बदली केली." "सहस्रबुद्धे सुस्त आहेत, पण आतून हिरवे आहेत. नखाने खरवडून पाहिलं."

ह्याच खबरींपायी आमच्या घरात भलतंच घडलं. दुसऱ्या हिवाळ्यात मी ऑफिसच्या कामाने आठवडाभर धनबादला गेलो होतो. परत आलो तर सुमन म्हणाली, "अहो, वाईट झालं. कर्णिक गेले. अप्पा डोळे पुसत सांगत होते, रविवारी पहाटेपासूनच काळे पडले होते म्हणे. मी कर्णिकवहिनींना सांत्वनाचं पत्र टाकलंय."

"कुठले कर्णिक?" मी विचारलं.

"म्हणजे?" ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

दहा दिवसांनी नागपूरहून पत्र आलं. खुद्द कर्णिकांच्या अक्षरात. 'सौ. वहिनींस, आपले पत्र पोचले. माझ्याबद्दल आपण जे चार चांगले शब्द लिहिलेत, ते मी बायकोला मुद्दाम दोनदा वाचायला लावले. मी खडखडीत बरा आहे. अप्पांचा अंजीर गेला असावा असे दिसते. बॉम्बे मेलने आमचे एक स्नेही येत आहेत, त्यांच्याबरोबर दुसरा पाठवतो.' आणि खरोखरच ते स्नेही हावड्याला उतरले ते थर्मास छातीशी धरून. थर्मासमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेली नवी काटकी. अप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी आम्हाला बोलावून चहा पाजला. भांडांतून नव्हे, कपांतून.

टोपी पुन्हा कर्णिकांना मिळाली आणि शिंका अप्पांना.

त्या काळात कलकत्त्यात दिवे जायचे ते तासन् तास. जानेवारीतल्या एका संध्याकाळी गेले आणि पलीकडून अप्पांची हाक आली, "लिमये! कोकण थंड पडतंय!" वर घरमालक घोष राहत, त्यांच्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी पेटलेली असे. तिथे सगळ्यांना हलवायचं ठरलं. मग अंधाऱ्या जिन्यात आमची वरात. पुढे मेणबत्ती घेऊन सुमन, मध्ये मी, मागून अप्पांच्या सूचना.

"दात्यांना बुडाखालून धरा! लिमये, सहस्रबुद्ध्यांची मान, मान सांभाळा! वहिनी, प्रधानांना चटका बसेल!"

घोषांच्या सूनबाईंना आम्ही बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचो. त्यांनी दार उघडलं, आणि मेणबत्तीच्या उजेडात एकवीस कुंड्या आणि एक माकडटोपी पाहून "ओ मा! की कांडो!", काय हा प्रकार, म्हणून कपाळाला हात लावला. पण लगेच तांदळाची हंडी बाजूला सरकवली. आपल्या सासऱ्यांचा मफलरही आणून दिला. अप्पांनी तो डाळिंबाभोवती गुंडाळला. मी हसून हसून जिन्यातच बसलो.

एवढं सगळं चालायचं आणि अधूनमधून अप्पांचं एक टुमणं असायचं. "वहिनी, तुमचं काहीतरी लावा हो. तुमच्या घरचं काहीच नाही माझ्याकडे."

"आम्ही काय, बदलीची माणसं," सुमन म्हणायची. "कशाला पसारा वाढवायचा?"

अप्पा यावर कधी वाद घालत नसत. चष्मा पुसत घरी जात.

तिसऱ्या हिवाळ्यात, कर्णिकांना टोपीच्या आत दोन पानं फुटली त्याच आठवड्यात, माझी पुण्याला बदली झाली. अप्पांना मी दारातच सांगितलं. ते म्हणाले, "वा." मग म्हणाले, "सामान कधी बांधताय?"

त्या दिवशी ते आले. डोक्याला माकडटोपी, हातात ओलं फडकं, ब्लेड. मोकळ्या खोल्यांतून ते हिंडले. गॅलरीत गेले. खिडक्या पाहिल्या. परत येऊन पुन्हा गॅलरीत गेले. मग बांधलेल्या ट्रंकेवर बसले आणि फडक्याची घडी घालायला लागले.

"काहीच नाही," ते म्हणाले.

सुमनचा चेहरा उतरला. "अप्पा, मी गरियाहाटच्या बाजारातून एखादं छानसं रोप आणून देऊ का?"

"विकतचं माझ्याकडे एकही नाही, वहिनी." त्यांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली. "असं बघा, मी कुठे जाणार नाही. माझी कुठे बदलीच होत नाही. तुम्ही सगळे येता, तीन वर्षं माझ्याशी मराठी बोलता आणि जाता. पत्रं येतात सहा महिने. मग नुसती दिवाळीची. मग तीही नाही. चुकतं कुणाचंच नाही. पण थंडीच्या दिवसांत घरी आलो की हाक मारायला कुणीतरी लागतं हो. दाते म्हटलं की दात्यांचा आवाज आठवतो. तुम्हाला मी काय म्हणून हाक मारू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला टाळायला मी मागच्या डब्यात चढत होतो. सुमन तर स्वयंपाकघरात निघून गेली. एक मिनिट गेलं असेल नसेल, तिथून किंचाळलीच, "अहो! अप्पा! मिरची!"

मागच्या बाजूला, आमच्या मोरीचं पाणी जिथे पडायचं तिथल्या विटांच्या फटीत, बोटभर रोप उभं होतं. सहा पानं. सुमनची आई दरवर्षी गावाहून लवंगी मिरच्या पाठवायची. हिचा ठेचा झाला की पाटा धुतलेलं पाणी मोरीत. त्यातलं एक बी तिथे अडकलं होतं. तीन वर्षांत आम्ही लावलेलं एकही जगलं नाही, आणि हे न लावताच उगवलं.

अप्पा धोतरासकट त्या ओल्या विटांवर पालथे पडले. आमचे चमचे, उलथनी सगळं बांधून झालेलं. त्यांनी कोटातून शाळेची फूटपट्टी काढली, दुसऱ्या खिशातून भांड काढलं आणि पाच मिनिटं श्वास रोखून फटीतली माती सैल करत राहिले. रोप मातीसकट निघालं. भांडात बसवलं. अप्पा उठले, त्यांचं नाक, चष्मा, कोट सगळं चिखलाने माखलेलं.

"लिमये," त्यांनी हाक मारली. मी "काय?" म्हणालो. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली, भांडावर अलगद चढवली आणि सणसणीत शिंकले.

पुण्याला आम्हाला त्यांचं कार्ड आलं, चैत्र लागता लागता. 'लिमयांना फूल आले. लहान, पांढरे. वहिनी तिखट आहेत म्हणून लाल येईल असे मला उगीच वाटत होते. सगळ्यांना सांगितले. कर्णिकांना विशेष आनंद झाला.' सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. सुमनने ते कार्ड मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच माझ्या हातात देऊन टाकलं.

त्यानंतर आमच्या चार बदल्या झाल्या. दर नव्या घरात गॅस जोडायच्या आधी सुमन एक कुंडी भरते आणि त्यात काहीतरी लावते. मी एकदा चिडून म्हटलं, अगं, आधी चहा तर होऊ दे. तर म्हणाली, "निघताना कुणी ब्लेड घेऊन आलं, तर त्याला रिकामं पाठवायचं का?"

अजून तरी कुणी आलेलं नाही.