अध्यक्षांच्या पापण्यांचा ठराव

न्हावऱ्याच्या पुढच्या एका वाडीत दूध संस्थेचे अध्यक्ष पोपटराव यांच्या पापण्या जन्मापासून सैल होत्या, आणि त्याबाबत संस्थेच्या पोटनियमांत कोणतीही तरतूद नव्हती. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी वर्षानुवर्षं कारभार केला, तो कुणाला खटकला नाही. खटकला तो फ्लेक्स आल्यावर. शिरूरच्या फ्लेक्सवाल्याने वाढदिवसाचा फलक करताना आपल्याच अकलेने कॉम्प्युटरवर त्यांचे डोळे टक्क उघडले. फलक चौकात लागला. विरोधी गटाच्या मारुतरावांनी भर सभेत विचारलं की वरचा माणूस जागा आहे, मग खालचा का पेंगतोय?

शहाण्या माणसाने फलक बदलला असता. पोपटरावांनी चेहरा बदलायचं ठरवलं. पुण्याच्या डॉक्टरांकडे ते फ्लेक्सची गुंडाळीच घेऊन गेले, टेबलावर पसरली आणि अगदी अस्संच पाहिजे म्हणाले. डॉक्टरांनी जरा कमीवर भागवू म्हणून पाहिलं. पण पोपटरावांना आयुष्यात कमी घ्यायची सवय नव्हती. पट्ट्या निघाल्या तेव्हा चेहरा फ्लेक्सशी तंतोतंत जुळला. फक्त डोळे मिटेनात.

सरूबाई आता ओल्या फडक्याने नवऱ्याचे डोळे बांधून त्यांना झोपवू लागल्या. डॉक्टर म्हणाले, पापण्यांचं पुन्हा ऑपरेशन करा, नाहीतर बुबुळं सुकून नजर जाईल. पोपटराव चांगलेच घाबरले आणि त्यांनी तारीख घेतली.

पण तोवर गावाला ते डोळे आवडले होते. अध्यक्ष सभेतही औषधाचे थेंब घालत. लोक म्हणाले, डोळ्यांत तेल घालून राखण करतायत. फॅट मोजायच्या यंत्रावर त्यांचा फोटो टांगला गेला. दुधातलं पाणी होतं तेवढंच राहिलं, तक्रारी मात्र थांबल्या. मासिक सभेत पोपटराव उघड्या डोळ्यांनी गाढ झोपत, आणि इतिवृत्तात नोंद होई की अध्यक्षांनी सर्व विषयांवर बारीक लक्ष ठेवले. हे पाहून मारुतरावही त्यांच्या पॅनेलमध्ये आले, आणि ऑपरेशनला सर्वांत मोठी हरकत त्यांचीच निघाली.

"आप्पा, चेहरा आता तुमचा एकट्याचा ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले. "संस्थेचा हाय. निवडणूक हुंद्या, मग खुशाल मिटा डोळं."

चेहऱ्याची डागडुजी ही संस्थेच्या मालमत्तेची डागडुजी ठरत असल्याने उपसमिती नेमण्यात आली. तिने अध्यक्षांना सतरंजीवर आडवं करून प्रत्यक्ष पाहणी केली, डोळे सुस्थितीत व पूर्णवेळ उघडे असल्याचा निष्कर्ष काढला आणि विषय वार्षिक सभेकडे वर्ग केला.

घरी सरूबाईंनी एवढंच विचारलं, "आवं, डोळं गेल्यावर खुर्ची कुठं हाय ते तरी दिसंल का तुम्हास्नी?"

"खुर्ची हात लावला तरी कळती," पोपटराव म्हणाले.

ऑपरेशनची तारीख टळली. मग दुसरीही टळली. वार्षिक सभेच्या दिवशी पोपटरावांना हार घालणारा माणूस दिसला नाही, नुसता झेंडूचा वास आला. आतून ते हादरले होते. उठून आत्ताच्या आत्ता पुण्याला जावं असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मारुतरावांनी ठराव मांडला की अध्यक्षांचे डोळे आहेत त्याच स्थितीत कायम ठेवावेत. मांडवभर हात वर गेले. पोपटरावांना त्यातला एकही दिसला नाही. तरी ठराव एकमताने मंजूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, कारण हात बघून ठराव मंजूर करायची संस्थेत पद्धतच नव्हती.

खुर्ची बिनविरोध राहिली, नजर गेली. कारभारात तसूभर फरक पडला नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही, असं सगळे सांगतात.

त्या दिवशी हात खाली होता तो एकट्या सरूबाईंचा. बाकीच्यांचे डोळे धडधाकट होते. अध्यक्ष चाचपडत खुर्चीवर बसले, ते सगळ्यांनी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत, तिसऱ्या रांगेत तर होतात. तुमचा हात सर्वांत आधी वर गेला, कारण दाराशी सभासदांना स्टीलचे डबे वाटायला सुरुवात झाली होती.