डॉल्फिनचा प्रतिष्ठित आजार

आजारी पडणे हा प्रत्येक जिवाचा हक्क आहे. मात्र आजार निवडताना त्याने थोडा विचार करावा, एवढी समाजाची माफक अपेक्षा असते. साध्या आजाराला मान नाही. सर्दी झालेल्या माणसाला लोक वाफ घ्यायला सांगतात आणि आपापल्या कामाला लागतात. उलट ज्या आजाराचे नाव एका दमात उच्चारता येत नाही, त्याच्या रोग्याला भेटायला माणसे फळे घेऊन येतात आणि जाताना नाव पाठ करून जातात.

हा नियम पाण्यातल्या प्राण्यांनाही लागू आहे, हे किनारा प्राणी उपचार केंद्राच्या डॉक्टरांना उशिरा कळले. डॉक्टर हुशार होते, पण सरळ होते, आणि सरळ माणसाला नियम कळायला वेळ लागतोच. त्यांच्या केंद्रात एक मोठी टाकी होती, एक क्रेन होती (तिची साखळी दुसऱ्या खात्याच्या ताब्यात होती) आणि पाणी खेळवण्यासाठी एक पंप होता. पंप बंद होता. पंप चालवायला नेमलेला माणूस मात्र चालू होता. त्याला सगळे पंपमामा म्हणत. पंप बिघडल्यापासून पंपमामा टाकीच्या एका बाजूने बादलीने समुद्राचे पाणी ओतत आणि दुसऱ्या बाजूने बादलीनेच काढत. वार्षिक अहवालात याला 'पर्यायी जलव्यवस्था' असे नाव होते, आणि विजेच्या बचतीबद्दल केंद्राला प्रशस्तिपत्रही मिळाले होते.

एका सकाळी ओहोटीनंतर एक डॉल्फिन मादी वाळूत अडकलेली सापडली. मच्छीमारांनी तिला ओल्या चादरीत घालून, क्रेनच्या साखळीची वाट न बघता, टाकीत आणून सोडले. श्वास घेताना तिच्या डोक्यावरच्या छिद्रातून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी तपासले आणि निदान केले: न्यूमोनिया. आजार बरा होण्यातला होता. इंजेक्शन हवे, स्वच्छ गार पाणी हवे, आणि तिला ताकद येईपर्यंत डोके पाण्यावर धरून ठेवायला माणसे हवीत. त्यांनी मुख्य कार्यालयात फोन लावला.

"न्यूमोनिया?" मोठे साहेब म्हणाले. "अहो, तो मलाही झाला होता. घरी झोपून बरा झालो."

"साहेब, ही झोपली तर बुडेल."

"मग झोपू देऊ नका," साहेब म्हणाले आणि त्यांनी प्रकरण निकालात काढले. (साहेबांची ख्याती झटपट निर्णयासाठी होती. त्यांचा एकही निर्णय कधी रेंगाळला नाही. रेंगाळले ते फक्त रोगी.)

डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उतरले. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने पंपमामा. पंपमामा बादली भरायला गेले की सगळा भार डॉक्टरांवर यायचा. डॉल्फिनने आपली चोच त्यांच्या खांद्यावर टेकली आणि तशीच राहू दिली. डॉक्टरांना वाचनालयात वाचलेली बरीच शास्त्रीय कारणे आठवली, पण खरे सांगायचे तर त्यांचा जीव तिच्यात गुंतला.

दुपारी डॉक्टरांची बायको कोरडे कपडे आणि जेवणाचा डबा घेऊन आली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला जगाचा हिशेब नवऱ्यापेक्षा बरा कळायचा.

"तुमचं नावाकडेच लक्ष नाही," ती म्हणाली. "आमच्या मोठ्या आत्याला नुसतं पित्त होतं, तोवर सख्खा मुलगा फिरकला नाही. मग एका डॉक्टरने त्याच पित्ताला हातभर लांब नाव दिलं, तर मावसभाऊसुद्धा विमानाने आले. आत्या आठ दिवसांत ठणठणीत."

"म्हणजे मी खोटं लिहू?"

"खोटं कशाला? 'शंका आहे' असं लिहा. शंका काय, कुणालाही येऊ शकते."

डॉक्टरांनी आयुष्यात उत्तरपत्रिकेतही थाप मारली नव्हती. पण खांद्यावर ओझे होते आणि पाणी कोमट होत चालले होते. त्यांनी एका जाडजूड ग्रंथातून आजार काढला. फुफ्फुसे आणि लसिकाग्रंथी, म्हणजे अंगभर रोगाशी लढणाऱ्या गाठींची जी साखळी असते ती, या दोन्हींत एकाच वेळी दाणेदार सूज भरत जाण्याचा हा विकार इतका दुर्मीळ होता, की ग्रंथकर्त्यालाही तो ऐकूनच माहीत असावा. नावाला दीड ओळ लागत होती. डॉक्टरांनी शंका कळवली.

संध्याकाळच्या आत नवा पंप आला. पाठोपाठ डॉल्फिनला पाण्यावर तोलून धरणारी झोळी आली, सावलीसाठी छप्पर आले, क्रेनची साखळी आली (गरज नव्हती, पण तिलाही मागे राहवेना) आणि शेवटी समिती आली. समितीत मोठे साहेब होते, या आजारावर रोगी न पाहता प्रबंध लिहिलेले तज्ज्ञ होते, आणि एक सदस्य छपराला कोणता रंग शोभेल ते ठरवण्यासाठी होते. पंपमामांनी नव्या पंपावरून हात फिरवला आणि बादली कोपऱ्यात उपडी घालून ठेवली.

फाटकावर दर्शनार्थींसाठी सूचना लागल्या. चेहरा गंभीर ठेवावा. आजाराचे नाव पूर्ण घ्यावे, लाडाने लहान करू नये. आपल्या घरच्या आजारांच्या हकीकती येथे सांगू नयेत. तरीही रोज इतकी गर्दी व्हायची की फाटकाबाहेर चप्पल शिवणाऱ्याने दुसरा मदतनीस ठेवला. मुख्य कार्यालयाच्या पाहणीनुसार आलेल्यांपैकी निम्म्यांना आजाराचे नाव पाठ होते, आणि उरलेल्या निम्म्यांच्या शेजाऱ्याला तोच आजार होऊन गेला होता.

डॉक्टरांनी मात्र गुपचूप न्यूमोनियाचीच इंजेक्शने चालू ठेवली. गार वाहत्या पाण्यात डॉल्फिन सुधारू लागली. गोळ्या भरलेले मासे खाऊ लागली. भात्याचा आवाज ओसरला. मग एक दिवस तिने झोळीतून अंग सोडवून टाकीला स्वतःची स्वतः एक फेरी मारली. डॉक्टर शहाणा माणूस. पण त्या क्षणी ते कपड्यांसकट पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे हसले.

समितीला हे रुचले नाही.

"या आजाराचा रोगी असा पोहत नाही," तज्ज्ञ म्हणाले. "माझ्या प्रबंधात तशी सोय नाही." आणि त्यांनी पुढच्या वल्ह्यासारख्या पराच्या मुळाशी असलेल्या सुजलेल्या गाठीत सुई घालून नमुना तपासणीला पाठवला.

डॉक्टरांचे धाबे दणाणले. नमुन्यात काही निघणार नाही, थाप उघडी पडेल आणि पंप जाईल, ही त्यांची खात्री होती. नोकरीचे काय व्हायचे ते होवो. पंप आणखी आठवडाभर ठेवा म्हणून साहेबांचे पाय धरायचे, असे त्यांनी बायकोला सांगून टाकले होते. निकाल आला तेव्हा ते कबुलीची वाक्ये जुळवत दारात उभे होते.

"अभिनंदन," तज्ज्ञ त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले. "तोच आजार निघाला."

डॉक्टर टाकीच्या कठड्यावर बसले. न्यूमोनिया होताच, तो बरा होत आला होता. पण त्याच्या खाली दुसरे खरेच होते. ती गाठ त्यांच्या हातालाही लागली होती. न्यूमोनियाची सूज म्हणून त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. तेवढ्यात डॉल्फिन कठड्याशी आली आणि मासा मिळतो का ते पाहू लागली.

समितीची बैठक तिथेच छपराखाली झाली, आणि तिचे तर्कशास्त्र वाखाणण्यासारखे होते. आजार सिद्ध झाला आहे. सिद्ध झालेला आजार असाध्य आहे. पंप उपचारासाठी मंजूर झाला होता. असाध्य आजारावर उपचार नसतो. सबब, पंप परत न्यावा. आजार साधा असतो तेव्हा पंपाची गरज नसते आणि असाध्य असतो तेव्हा उपयोग नसतो. या दोहोंच्या मधल्या काळात पंप द्यायचा असतो, आणि तो काळ रोग्याला पुरेपूर मिळाला, याची समितीने समाधानाने दखल घेतली.

"साहेब, बरी होणार नाही हे मान्य," डॉक्टर म्हणाले. "पण ती श्वास घेतेय. गार पाण्यात तिला बरं वाटतं."

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं," मोठे साहेब मायेने म्हणाले. "तुम्ही फार मनाला लावून घेता."

पंप गेला, पाठोपाठ झोळीही गेली, पाणी कोमट झाले आणि डॉल्फिनची ताकद ओसरली. डॉक्टर पुन्हा पाण्यात उतरले, पंपमामांनी पुन्हा बादली उचलली. बायको शाळा सुटली की पदर खोचून दुसरी बाजू धरायला यायची. डॉल्फिन आणखी काही दिवस राहिली. शेवटच्या दुपारी तिने नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या खांद्यावर चोच टेकली, एक श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. डॉक्टर रडले. पंपमामा बादल्या ओततच राहिले, कारण थांबा म्हणायला कुणाला धीर झाला नाही.

शोकसभा मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. तज्ज्ञांनी प्रबंधाची नवी आवृत्ती जाहीर केली. मुख्य कार्यालयासमोर दिवंगत डॉल्फिनच्या स्मरणार्थ कारंजे उभारले गेले, आणि त्याला तोच पंप बसवला, जेणेकरून तिच्या नावाने पाणी कायम खेळते राहील.

सभा चालू असतानाच मच्छीमारांनी केंद्रात दुसरी डॉल्फिन आणली. तिलाही न्यूमोनिया होता. या वेळी डॉक्टरांनी गाठ न् गाठ चाचपून पाहिली. दुसरे काहीही नव्हते. ही नक्की वाचणार होती. डॉक्टर धावत सभेत गेले. मोठ्या साहेबांनी हळूच विचारले, "आजार नवीन काही?" आणि नाही म्हटल्यावर ते पुन्हा भाषणाकडे वळले. तेव्हा सभा संपताच डॉक्टर बाहेर पडणाऱ्या गर्दीपुढे उभे राहिले. कितीतरी जणांचे डोळे अजून ओले होते.

"दोन-चार माणसं हवीत," डॉक्टर म्हणाले. "टाकीत उभं राहून तिला धरायला. पाळीपाळीने."

"हिला काय झालंय?"

"न्यूमोनिया. धरून ठेवली तर वाचेल."

"साधंच आहे म्हणजे," लोक म्हणाले. त्यांना खरोखर हायसे वाटले, आणि हलक्या मनाने ते घरी गेले.

डॉक्टर, त्यांची बायको आणि पंपमामा पाण्यात उतरले. पुढे काय झाले, ते सांगत बसत नाही. साध्या न्यूमोनियाची गोष्ट वाचायला तुम्हीही इथवर आला नसता; आणि तुमच्या आतल्या खोलीत मघापासून कुणीतरी खोकते आहे, तिकडे तरी तुमचे लक्ष कुठे गेले?