सोळा रिकाम्या मात्रा

आमच्या वारूळवाडीचे बबनतात्या कुठंही शिरताना उंबऱ्याशी दोनदा पाय आपटतात. बँकेतसुद्धा. वॉचमन दचकतो, तात्या पुढं. लोक म्हणतात, लग्नाच्या बँडात जन्म गेला, आता पायबी वाजाय लागलं.

तात्या क्लॅरिओनेट वाजवतात. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून "धैवत जरा उतरलाय" म्हणणारा हा माणूस. त्यांनी छत्तीस वादकांसाठी एक रचना बांधली. फिल्मी गाणं नाही, वरातीची चाल नाही; मारवा रागातली, पाऊण तासाची. सनई, संबळ, ट्रम्पेट, ढोल, शिवाय जुन्नरच्या क्लासातली चार व्हायोलिनं. आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी, अक्षर वळणदार. म्हणून छत्तीस वह्यांत नोटेशन उतरवायचं काम माझ्याकडं आलं. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

उतरवताना मधेच सोळा मात्रा कोऱ्या दिसल्या. सगळ्यांच्याच.

"तात्या, हितं लिवायचं राह्यलं."

"राह्यलं न्हाई. हितं कुणीच वाजवायचं न्हाई."

तालीम टोमॅटोच्या शेडमध्ये, क्रेट उलटे टाकून. अडचण एकच, दगडू ढोलवाला. वरातीत बँड थांबला की नवरदेवाचे मामा अंगावर येतात. त्यामुळं जरा शांतता पडली की दगडूचा हात चालायचाच.

"आपसूक जातो हात. गप बसलं की वाटतं, कायतरी बिघडलं."

"दगडू, कार्यक्रमात त्या सोळात ढोलावर टिपरू पडलं, तर मी क्लॅरिओनेट पेटीत घालीन. मग पुन्यांदा काढायचो न्हाई."

तात्या उगाच बोलत नाहीत. शेवटच्या तालमीतही टिपरू पडलं.

कार्यक्रम लग्नतिथी नसलेल्या दिवशी, मंगल कार्यालयात. स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून तात्यांची बायको, सुमनकाकू. काकूंना बरीच वर्षं ऐकू येत नाही. स्टेजच्या फळीवर तळहात ठेवून त्या बसल्या होत्या.

रचना चढत गेली आणि तुटली.

पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन मी मात्रा मोजू लागलो. चौथ्या मात्रेला मागून कुणीतरी म्हणालं, "इसरले वाटतं, राव." सातव्याला दगडूचा हात उठला. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. दगडूनं टिपरू आडवं दातांत धरलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

बाराव्याला सगळं कार्यालय गप्प. काकूंनी फळीवरचा हात उचलून पाहिला, परत टेकवला, मग मान वर करून आमच्याकडं बघू लागल्या. त्या घडीला तिथं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

सोळा संपल्या. तात्यांनी फळ्यांवर दोनदा पाय आपटला.

हे माझ्या वहीत नव्हतं.

काकू हसल्या. घरी माडीच्या फळ्या अशा दोनदा हलल्या की त्या अशाच हसतात. त्यांना कळतं, हे आले.

मग दगडूनं दातांतलं टिपरू काढलं.