गभणे गुरुजींची तीन फुटी पृथ्वी

गभणे गुरुजींसमोर पृथ्वीला गोल म्हणायचं नाही. आमच्या अख्ख्या वस्तीला हे ठाऊक आहे. अड्याळच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा वीस वर्षांनी कुणाला तरी भेटले आणि सहज बोलून गेले, "दुनिया गोल आहे बाप्पा." गुरुजींनी हातातला वडा पानात परत ठेवला.

"गोल नाही. बसकी होय. दोन्ही टोकाले दबली, मधात फुगली. तुमाले शिकवलं कोनं?"

मामा हसले. चूकच केली. पुढचा पाऊण तास ते हात धुवायलासुद्धा उठू शकले नाहीत.

मी गुरुजींचा जुना विद्यार्थी आणि आता भिंतीला भिंत लावून शेजारी. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि ही नवी वस्ती मिळाली, तेव्हापासून रोज सकाळी गुरुजींचा संताप ऐकत मी चहा पितो. वर्तमानपत्रात 'पृथ्वीच्या पाठीवर' असं छापलं की पलीकडून आवाज येतो, "पाठ कायची बे? बैल होय का?"

अशा माणसाच्या हाती सरपंचबाईंनी शाळेच्या अंगणातल्या सिमेंटच्या पृथ्वीचं काम दिलं. शालिक गवंड्यानं आठ दिवस खपून तीन फुटांचा गोळा केला. देखणा, गुळगुळीत. गुरुजींनी त्याला दोरी गुंडाळून मापली आणि कडाडले, "चेंडू करून ठेवलास."

शालिकनं मुकाट्यानं वरून-खालून घासलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले.

"आता कोहळा केला. काहून बे? तीन मिलिमीटर बसकी पाहिजे. तीन!"

"गुरुजी, तीन मिलिमीटर देवाले तरी दिसते का?"

"देवानंच केली नं."

मग पर्वत आले. शालिकनं हौसेनं हिमालयाला सिमेंटचा चांगला बोटभर उंचवटा दिला होता. गुरुजींनी थापीनं तो स्वतः खरवडला. "एवढा हिमालय असता तं विमान धडकले असते. या मापात एव्हरेस्ट तुया नखाएवढा बी जाड नाही. रंगाचा एक हात जास्त मार, झाला हिमालय." शालिक माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे.

चौथऱ्यावर नाव काय लिहू, असं त्यानं विचारलं, तो दिवस तर मी जन्मभर विसरणार नाही. गुरुजींनी धोतराचा सोगा खोचला.

"पृथ्वी लिव्हतो म्हन्ते! पृथू राजाची म्हनून पृथ्वी. धरतीबाई गाय होऊन जीव घेऊन पळून राहिली, हा मागं धनुष्य घेऊन, अन् नाव कोनाचं लागलं? त्याचंच."

"मंग इंग्रजीत 'अर्थ' लिव्हू?"

"त्या नावाचा मतलब जमीन. माती. वरून तीन हिस्से पानी, अन् नाव माती. ज्यानं ठेवलं तो आपल्या वावराबाहेर गेलाच नसन."

शेवटी तेच शांत झाले. "पृथ्वीच लिव्ह. त्या राजानं मंग उंच-सखल जमीन सपाट केली, धानाच्या बांध्या पाडल्या असतील. बांध्या पाडनाऱ्याचं नाव लागलं तं लागू दे. बुडवनाऱ्याचं मी लागू देनार नाही."

हे शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, ते संध्याकाळी कळलं. सरपंचबाई रंगकाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आपलं धरण बी दाखवा. एक निळा ठिपका."

"नाही."

"आपन गाव सोडलं त्याच्यासाठी. पोरायले दिसलं पाहिजे का नाही?"

"रुपयाएवढा ठिपका लावाल, अर्धा विदर्भ बुडल. माप नावाची गोष्ट हाय का नाही?"

"मापात केवढा येते?"

खोटं बोलणं गुरुजींना जमत नाही, हा त्यांचा मोठा दोष. "तिळाएवढा," ते पुटपुटले.

"मंग तीळ लावा," बाई म्हणाल्या. "तीन मिलिमीटरसाठी शालिकले इतके दिवस रडवलं तुमी." आणि त्या गेल्या.

शालिकचा ब्रश तिळाला जाडच होता. गुरुजींनी खराट्याची एक काडी मोडली, निळ्या रंगात बुडवली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. शालिकनं साहित्य आवरलं, सायकल काढली, तरी ते तसेच. मग हळूच काडी टेकवली. ठिपका अगदी तिळाएवढा उमटला.

आमच्या जुन्या गावात तलावाच्या पाळीवर काकूंच्या, म्हणजे गुरुजींच्या बायकोच्या, समाधीचा चौथरा होता. गाव उठण्याच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. त्यांच्याबद्दल गुरुजींच्या तोंडून इतक्या वर्षांत मी एक शब्द ऐकला नव्हता.

"सतरा हात," ते म्हणाले.

"काय गुरुजी?"

"तिच्या चौथऱ्यावर पानी. ढीवराच्या डोंग्यात बसून जातो मी दरसाल. दोरीले दगड बांधून सोडतो."

मी विद्यार्थ्यासारखं विचारून बसलो, "या मापात ते किती होते?"

माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. ते वाकले आणि त्या ठिपक्यावर तोंडानं वाफ सोडली, चष्मा पुसण्याआधी सोडतात तशी. रंग क्षणभर ओलसर झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत सुकला.

"याच्याहून कमी," गुरुजी म्हणाले.