बाळारामकाकांचा टॅपेट

आमचे अंजूरचे शेजारी बाळारामकाका कुणाच्याही घरी गेले की खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतात, त्याचं टोक समोरच्या वस्तूला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. फ्रिज, मिक्सर, काहीही. मला खोकला झाला तेव्हा त्यांनी तो माझ्या छातीलाच लावला. "मास्तर, तुमचा टॅपेट वाजतो," म्हणाले.

उभी हयात त्यांनी भिवंडीत जॉबर म्हणून कापडाचे लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान अर्धे गेले. आपण बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, पण स्वतःच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातली, झडपा उघडणाऱ्या टॅपेटची टकटक मात्र बरोब्बर ऐकू येते. मेकॅनिककडे जायची त्यांना लाज वाटे. "एवढे लूम खोलले, ही तर फटफटी हाय."

मंगळवारी त्यांना बायकोला, हिराकाकूंना, वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर गुडघे शेकायला न्यायचं होतं. त्याआधी टॅपेट गप्प व्हायला हवा होता. मोबाइलवरचा व्हिडिओ मी त्यांच्या कानात ओरडून सांगायचा, असं ठरलं. इंजिन थंड हवं, म्हटल्यावर त्यांनी शनिवारीच गाडीवर ओलं गोणपाट टाकलं आणि दर तासाला ताप बघावा तसा हात लावून पाहू लागले.

"मी तापले तवा कुनी हात लावला न्हाय," काकू म्हणाल्या. काकांना ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

रविवारी झाकण उघडलं. टॅपेटखाली पातळ पातं सरकेल एवढी फट ठेवा, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी तसं ओरडलो. पण हात पडला जॉबरचा. वाजलं की आवळायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक. काकांनी दोन्ही टॅपेट असे आवळले की फटच उरली नाही आणि झडपा मिटेनाशा झाल्या. मग किकवर किक मारल्या. पायाखाली जोरच लागेना, गाडी सुरू होईना.

काकांनी इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर लावला. "आवाज गेला," ते समाधानानं म्हणाले.

मी वैतागून ओरडलो, "काका, सोडा ना. तुमच्या पोराची नवी कार उभी आहे दारात. तिनं न्या काकूंना."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"कारमध्ये ती मागं बसते, पाय लांब करून. काय बोलते ते मना ऐकू येत न्हाय. फटफटीवर खांद्याला धरते, कानाला तोंड लावून बोलते. वज्रेश्वरीपरत बोलते. आता हा टॅपेट मधे बडबडतो."

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी पातं मीच धरून बसलो, आणि ते सरकतंय हे पाहिल्याशिवाय काकांना नट आवळू दिला नाही.

मंगळवारी सकाळी गाडी सुरू झाली. टकटक नव्हती. काकू मागे बसल्या, खांदा धरला आणि बसल्या बसल्याच काकांना झापू लागल्या, बहुतेक त्या ओल्या गोणपाटावरून. फाटकातून बाहेर पडताना काकांनी मान जराशी मागे कलती केली, एकही शब्द सुटू नये म्हणून.