अकरा नावं आणि एक शून्य

"अण्णा, नावं तीन असोत की तीनशे, माझं फंक्शन एकच! तुम्ही देत जा, ते छापत जाईल!" भास्करने छाती काढून सांगितलं.

साल १९८८. रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदार संघात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यासोबत सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्याचा भास्कर. आज सत्काराच्या अकरा बागायतदारांची नावं त्यांच्याच देखत पडद्यावर उमटली, की अध्यक्ष हरिहरअण्णा त्याला कायम करणार होते.

प्रोग्राम सी भाषेतला. त्यात एक खोच होती. नावं किती येणार हे फंक्शनला, म्हणजे प्रोग्राममधल्या नावं छापणाऱ्या तुकड्याला, माहीतच नसतं. शून्य दिसलं की थांबायचं, एवढंच त्याला कळतं. नावं टाइप करणाऱ्या रघू कारकुनाला भास्करने हे सोपं करून सांगितलं होतं, "गाऱ्हाण्यात देवापुढे 'व्हय महाराजा' म्हणतात ना? तसं इथे शून्य घाला."

सत्कारमूर्ती खुर्च्या ओढून बसले. भास्करने कळ दाबली. पडद्यावर उमटलं, भागोजी शितप. आणि यंत्र गप्प!

"बाकीचे दहा गेले कुठे?" अण्णांनी विचारलं. विनय म्हणून त्यांनी स्वतःचं नाव अकरावं ठेवलं होतं. तो विनय आता नाकपुड्यांतून बाहेर पडत होता.

"आहेत, अण्णा! आपण फंक्शनला नाव देतच नाही. नावाचा मेमरीतला पत्ता देतो."

"म्हणजे माझाच पत्ता कट?"

भास्करने प्रोग्राम उघडला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. प्रत्येक नावापुढे शून्य!

"रघूभाऊ, हे काय?"

"तुमीच सांगितलाव ना! आमच्या गावात दर मागण्याला व्हय म्हाराजा! एकदाच म्हटलं तर देव रागवंल नाय?"

घाम पुसत भास्कर शून्यं खोडू लागला. घाईत अकराही खोडली! पुन्हा कळ. नावं धडाधड आली, अण्णांच्या नावाला टाळ्या पडल्या. पण आता थांब म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. फंक्शन दावं तोडलेल्या रेड्यासारखं उधळलं! मेमरीत जे आडवं येईल ते पत्ता समजून छापत सुटलं. यंत्राच्या पोटातली चित्राक्षरं पडद्यावर सांडली, हसरे चेहरे, बदाम, किलवर, चौकट, इस्पिक! मध्येच पीं पीं!

"पत्ते देतो म्हणालास ते हे होय रे?" अण्णा कडाडले.

"बदाम आला, बदाम!" भागोजी शितप खुर्चीवरून उठले. "आता इस्पिक बघा!"

"छे, किलवर!"

दोन तट पडले. पैज लागायच्या बेतात भास्करने बटण बंद केलं. यंत्र पुन्हा सुरू करून त्याने शेवटी एक, मोजून एकच शून्य घातलं. कळ दाबली.

अकरा नावं आली. अकराव्यावर यंत्र शहाण्यासारखं थांबलं! भास्करने विजयी मुद्रेने वळून पाहिलं. टाळी एकही नाही.

"संपलं?" शितपांनी विचारलं.

"संपलं! अगदी बरोबर!"

"बरोबर कसलं? मघाशी काय झकास चाललं होतं! आता अकरावरच अडलं!"

"अहो, ते थांबायलाच हवं..."

"बिघडवलंस, भास्कर," अण्णा उठत म्हणाले. "रघू, याच्या कायम होण्याच्या अर्जावर लिही. यंत्र पूर्ववत चालू झाल्यावर विचार व्हावा."